अंगणवाडी ते पहिली: दोन्ही वर्ग जोडायचे काम कोणत्या क्रमाने करावे

अंगणवाडीत तीन वर्षे रमलेले मूल जूनमध्ये पहिलीत येते आणि आठवडाभरातच त्याच्या नावापुढे 'काही येत नाही, बोलतही नाही' असा शेरा पडतो. हेच मूल मार्चमध्ये गोष्ट पुढे काय झाली ते सांगत होते आणि धाकट्यांना रांगेत उभे करत होते. अंगणवाडी सेविकेला हे ठाऊक असते, शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना नसते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि शाळा शिक्षण विभागाकडे असल्यामुळे दोघांची रजिस्टरे, पोर्टल आणि साहेब वेगवेगळे आहेत. अंगणवाडी शाळेच्याच आवारात भरत असली तरी मधली भिंत कायम असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर धरला आहे. त्यात पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी येते. कागदावर जोडणी झाली, गावात मात्र ती कोणीतरी हाताने करावी लागते. हा लेख पहिलीचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि सेविका यांच्यासाठी आहे. बहुतेक ठिकाणी चूक होते ती क्रमात. एप्रिलमधल्या मेळाव्याने सुरुवात होते आणि मेळाव्याचे फोटो ग्रुपवर पडले की काम संपते. खरे तर आधी दोन मोठ्या माणसांनी बोलायचे, मग मुलाने शाळा पाहायची, मग वर्ग बदलायचा आणि पुस्तक सर्वांत शेवटी उघडायचे.

## सुरू करण्यापूर्वी: तीन गोष्टी ठरवून घ्या

पहिली कोण घेणार? हे फेब्रुवारीतच ठरवा. नवख्या किंवा 'उरलेल्या' शिक्षकाला पहिली देण्याची पद्धत आहे, ती मोडा. लहान मुलांत बसून गोष्ट सांगता येणारा अनुभवी माणूस पहिलीला द्यावा. शक्य असेल तर तोच पुढे दुसरीही घेईल असे बघा. मे महिन्यात बदल्यांची शक्यता असेल तर पुढच्या टप्प्यांतला प्रत्येक कागद शिक्षकाच्या पिशवीत न ठेवता मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये ठेवा.

अंगणवाड्या किती? एका शाळेत एकाच अंगणवाडीची मुले येतात असे नसते. वस्ती, पाडा, तांडा आणि मुख्य गाव यांची वेगवेगळी केंद्रे असतात. सगळ्यांची नावे लिहून काढा.

वरिष्ठांना कळवले का? केंद्रप्रमुख आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका या दोघांनाही तोंडी का होईना सांगून ठेवा. सेविकेला शाळेत बोलवायचे तर तिच्या बाजूने 'कोणाला विचारून गेलात?' हा प्रश्न येतोच.

## टप्पा १ (फेब्रुवारी): याद्या जुळवा

१. शाळेची दाखलपात्र मुलांची यादी आणि प्रत्येक अंगणवाडीच्या हजेरीपटावरची सहा वर्षांच्या आसपासची नावे समोरासमोर ठेवा.

२. दोन्हीकडे असलेल्या नावांवर खूण करा. एकाच यादीत असलेली नावे वेगळी काढा. खरी गळती इथेच दिसते. खासगी केजीला जाणारे मूल, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातले मूल, आजोळी ठेवलेले मूल, दिव्यांग म्हणून घरीच ठेवलेले मूल यात सापडते.

३. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख लिहा. महाराष्ट्रात पहिलीसाठी प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. साडेपाच वर्षांचे मूल या नियमात बसते, त्यामुळे एकाच वर्गात वयाचा वर्षभराचा फरक असतो. सर्वांत लहान मुलांच्या नावाखाली रेघ ओढा. जूनमध्ये याच मुलांवर 'मंद' असा शिक्का बसतो. बहुतेक वेळा कारण वयाचेच असते.

सावधान: जन्माचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठवू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि अंगणवाडीची नोंदही वयासाठी चालते. सेविकेकडून ती आताच लिहून घ्या.

तपासा: हंगामी स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा किंवा त्यांच्या नातेवाइकाचा मोबाइल क्रमांक यादीत आहे का? ही माणसे परत येतात तेव्हा मेळावा होऊन गेलेला असतो.

## टप्पा २ (मार्च): सेविका आणि शिक्षक समोरासमोर

सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा. फोनवर 'मुले कशी आहेत?' विचारले की 'चांगली आहेत' हेच उत्तर येते, म्हणून समोर बसावे लागते.

कुठे बसायचे? शिक्षकांनी अंगणवाडीत जावे. सेविकेला कार्यालयात बोलावून टेबलापलीकडे बसवले की ती अहवाल देते, बोलत नाही. सकाळी मुले असताना जा, तासभर कोपऱ्यात बसून नुसते बघा आणि मुले घरी गेल्यावर बोला. मदतनीस ताईंनाही बसवून घ्या. कोण ताटातले न खाता खिशात घालून घरी नेतो आणि कोण आणायला आजी आली नाही की रडतो, हे त्यांना जास्त माहीत असते.

काय विचारायचे? प्रत्येक मुलासाठी एक पान घ्या आणि त्यावर पुढचे मुद्दे लिहा:

- घरात कोणती बोली चालते? मराठी समजते पण बोलत नाही, की दोन्ही नाही?
- काय हातात दिले की रमते?
- कोणाशी गट्टी आहे, कोणाला घाबरते?
- शू-शी लागली की काय म्हणते, कसे सांगते? कोणी सोबत लागते का?
- लांबचे बघताना डोळे बारीक करते का? मागून हाक मारली तर वळते का?
- डावखुरे आहे का?
- गैरहजर राहते तेव्हा कारण काय असते?
- वजन-उंचीच्या नोंदीत काळजीचे काही आहे का?

या यादीत 'अक्षरे किती येतात' हा प्रश्न मुद्दाम ठेवलेला नाही. तो विचारला की पुढच्या वर्षी अंगणवाडीत पाट्या आणि बाराखडी सुरू होते. सेविकेला वाटते की शाळेला हेच हवे आहे.

शू-शीचा प्रश्न काहींना किरकोळ वाटतो. अंगणवाडीत मूल मदतनीसांचा पदर ओढते आणि काम भागते. शाळेत मोठ्या मुलांची गर्दी असलेले, आतून कडी न लागणारे, अंधारे स्वच्छतागृह असते आणि 'बाई, जाऊ का?' हे सर्वांसमोर उभे राहून म्हणावे लागते. मूल ते म्हणत नाही, चड्डी ओली होते, मुले हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे 'पोट दुखते'. जून-जुलैतल्या गैरहजेरीमागे अभ्यासापेक्षा अशी कारणे जास्त असतात. बोलीभाषेतला नेमका शब्द त्या पानावर लिहिलेला असला की हे टळते.

भाषेच्या मुद्द्यावर थोडे थांबा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडे भिली-पावरी बोलणारी मुले आहेत. शहरी शाळांत हिंदी, उर्दू, तेलुगू, कन्नड घेऊन येणारी मुलेही कमी नाहीत. सेविका बहुतेक वेळा त्याच वस्तीतली असते, शिक्षक बाहेरून आलेले असतात. तिच्याकडून रोजच्या वापराची वीस-पंचवीस वाक्ये त्या बोलीत लिहून घ्या: ये, बस, पाणी हवे का, भूक लागली का, कुठे दुखते, कोणी मारले, घरी कोण आहे. देवनागरीत लिहिली तरी चालतील. ती तिच्यासमोर मोठ्याने म्हणून बघा आणि उच्चार दुरुस्त करून घ्या.

सावधान: हे पान वर्गात वाचून दाखवायचे नाही आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचे नाही. वजन, आजार, घरची परिस्थिती ही त्या कुटुंबाची खासगी बाब आहे.

तपासा: पाने भरून झाल्यावर कोणतेही एक काढा. त्यावर फक्त 'हुशार', 'शांत', 'खोडकर' असे शेरे असतील तर बैठक झालेली नाही, पुन्हा बसा. 'ठोकळ्यांचा बंगला करते, मोडला की रडते, परत करते' असे वाक्य असेल तर पान उपयोगाचे आहे.

## टप्पा ३ (मार्चअखेर ते एप्रिल): आधी शाळाभेट, मग मेळावा

शाळापूर्व तयारीचा 'पहिले पाऊल' मेळावा सर्वांना माहीत आहे. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असे सात स्टॉल असतात. मुलाच्या हातात विकासपत्र, म्हणजे त्याला काय जमते आणि कुठे मदत हवी याच्या नोंदीचे कार्ड, मिळते. मेळावा चांगलाच आहे, पण त्या दिवशी लाऊडस्पीकर, फुगे, पाहुणे आणि दीडशे माणसे असतात. मुलाने शाळा पहिल्यांदा पाहायची ती अशा गर्दीत नको.

१. मेळाव्याच्या आधी निदान दोनदा सेविका आणि मदतनीस मुलांना घेऊन शाळेत येतील असे ठरवा. पहिल्या खेपेला फक्त फिरायचे. पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, घंटा कशी वाजते, पहिलीचा वर्ग कोणता एवढे पाहून परत जायचे.

२. दुसऱ्या खेपेला पहिलीच्या वर्गात अर्धा तास बसवा. शिक्षकांनी मुलांना माहीत असलेलेच एखादे बडबडगीत घ्यावे. ते कोणते हे सेविकेला आधीच विचारलेले असावे.

३. दुसरीत जाणाऱ्या मुलांतून प्रत्येक नव्या मुलाला एक सोबती द्या. शक्यतो त्याच वस्तीतला, जूनमध्ये त्याच वाटेने शाळेत येणारा.

४. मग मेळावा घ्या. शारीरिक विकासाच्या स्टॉलवर उड्या, चेंडू यांच्याबरोबर मणी ओवणे, कागद फाडणे, कात्रीने कापणे ठेवा. बोटांची तयारी त्यातच कळते.

सावधान: विकासपत्र ही प्रवेशपरीक्षा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. 'आणखी मदत हवी' या रकान्यातल्या खुणा मोजून जूनमध्ये मुलांचे गट पाडणे हेही त्याच जातीचे काम आहे. ती खूण पालकांना काय करून घ्यायचे ते सांगण्यासाठी आहे.

## टप्पा ४ (मे): पालकांना मोजकेच काम

सुट्टीत पालक काय करतील यावर भरपूर पत्रके निघतात. माता गटाला, म्हणजे या मुलांच्या आयांच्या गटाला, तीनच गोष्टी सांगा: मुलाशी रोज बोला आणि त्याला सांगू द्या, शर्टाची बटणे आणि चपला त्याची त्याला घालू द्या, धान्य निवडताना किंवा भांडी लावताना मोजायला, वेगळे करायला बसवा.

शिकवणी लावू नका हेही स्पष्ट सांगा. आणि 'थांब, शाळेत गेलास की बाई सरळ करतील' हे वाक्य घरात बंद करायला सांगा. त्या एका वाक्याने वर्षभराची मेहनत वाया जाते.

## टप्पा ५ (जूनचे पहिले दोन आठवडे): वर्ग आधी बदला

मुलाला अंगणवाडीत सकाळचे काही तास बसायची सवय असते, तेही सतरंजीवर आणि उठबस करत. शाळा संध्याकाळपर्यंत चालते. त्यामुळे पहिलीचा वर्ग असा लावा:

१. बाके भिंतीला सरकवा, मध्ये सतरंजी घाला.

२. अंगणवाडीतल्या ओळखीच्या दोन-तीन वस्तू वर्गात दिसू द्या. सेविकेकडचे ठोकळे किंवा बाहुली काही दिवस उसनी आणली तरी चालेल.

३. मुलांच्या उंचीला, जमिनीपासून वर भिंतीवर काळा पट्टा रंगवून घ्या. खडूने मोठे गिरगटणे हे लेखनाचे पहिले काम आहे.

४. एका कामाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. बसून करायच्या कामानंतर उठून करायचे काम घ्या.

५. दुपारच्या जेवणानंतर गोष्ट, चित्र, माती ठेवा. पहिल्या पंधरवड्यात एखादे मूल झोपले तर झोपू द्या.

६. पहिल्या आठवड्यात सेविकेने रोज परिपाठाला दहा मिनिटे यावे असे जमवा. ओळखीचा चेहरा फाटकात दिसला की रडणे निम्मे कमी होते.

दोनशिक्षकी शाळेत एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी-चौथी असते. 'आम्हाला हे कसे जमणार?' हा प्रश्न रास्त आहे. तिथे दिवसाचा पहिला तास पहिली-दुसरीचा एकत्र ठेवा: गप्पा, गाणे, गोष्ट. नंतर दुसरीला जोडीत स्वतः करायचे काम द्या आणि पहिलीजवळ बसा. उलटे केले, म्हणजे पहिलीला 'पाटीवर गिरवा' सांगून दुसरीकडे वळलात, तर पहिलीची मुले तासाभरात वर्गाबाहेर असतात.

तपासा: दुसऱ्या आठवड्याअखेर प्रत्येक मूल निदान एकदा तुमच्याशी आपणहून बोलले आहे का? पटावर नावापुढे टिंब देत जा. टिंब नसलेली नावे म्हणजे तुमची पुढच्या आठवड्याची यादी. त्या यादीतल्या प्रत्येक मुलाचे मार्चमधले पान काढून बघा.

## टप्पा ६ (पहिले बारा आठवडे): खेळातून पुस्तकाकडे

एनसीईआरटीचा २०२१ चा 'विद्या प्रवेश' कार्यक्रम पहिलीच्या सुरुवातीचे बारा आठवडे शाळेच्या तयारीसाठी ठेवतो. शाळांत तो बहुधा दोन आठवड्यांत उरकला जातो, कारण 'पाठ मागे पडतात'. मागे काही पडत नाही. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचे लक्ष्य तिसरीअखेरपर्यंतच्या वाचन-गणिताचे आहे. घाई फक्त घटक चाचणीची असते.

### भाषा

आधी कान, मग डोळे, मग हात, हा क्रम मोडू नका.

कान. रोज गोष्ट आणि तिच्यावर गप्पा. मग शब्दांचे खेळ: 'कमळ' म्हणत तीन टाळ्या, 'क'ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधा, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरते? पाटी-पेन्सिल लागत नाही. ज्या मुलाला शब्दातले आवाज सुटे ऐकू येत नाहीत, त्याला 'क' हे चित्र कशाचे आहे तेच कळत नाही. ते गिरवते भरपूर, वाचत नाही.

डोळे. वस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या, मुलांच्या नावांची कार्डे, शिक्षकांनी बोट ठेवत मोठ्याने वाचलेले पुस्तक. मग अक्षरे. 'अ' ते 'ज्ञ' ओळीने घेऊ नका. चार-पाच अक्षरे आणि लगेच काना असा गट घ्या, म्हणजे दुसऱ्याच आठवड्यात मामा, काका, माळ, काम असे खरे शब्द वाचता येतात. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्के झाल्यावर दुसरे.

हात. माती, रांगोळी, मणी, कात्री, भिंतीवरचा पट्टा आणि मग कागद. पहिल्या महिन्यात दुरेघी वही नको. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका.

वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या. तुम्हाला कळले नाही तर सोबत्याला विचारा. 'मराठीत बोल' म्हटले की ते मूल गप्प बसते आणि मग त्याला काय येते हे कधीच कळत नाही.

### गणित

मूल शंभरापर्यंत म्हणून दाखवते यावर भाळू नका, त्याला सात बिया उचलून दे म्हणा. पुष्कळ मुले बोट पुढे नेतात आणि तोंड वेगळ्या वेगाने चालते. एक वस्तू, एक शब्द हे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर पाचपर्यंतचे ठिपके न मोजता ओळखणे, कमी-जास्त, दहाचे गठ्ठे. एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे मुलांना हमखास अडवतात, कारण कानावर तीस पडते आणि हातात गठ्ठे दोनच असतात. काड्यांचे दोन गठ्ठे आणि सुट्या नऊ समोर ठेवून, तिसरा गठ्ठा व्हायला एकच काडी कमी आहे हे दाखवल्याशिवाय हे नाव डोक्यात बसत नाही.

सावधान: खासगी केजीतून आलेली मुले पहिल्या दिवशी एबीसीडी आणि अंक सुंदर लिहून दाखवतात. त्यांना मॉनिटर करू नका आणि त्यांच्या वह्या इतरांना दाखवू नका. त्यातली बरीच मुले नुसते उतरवतात. गोष्टीवर प्रश्न विचारला की फरक कळतो.

तपासा: सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात प्रत्येक मुलाबरोबर पाच मिनिटे एकट्याने बसा. चित्र बघून सांगायला लावा, दोन शब्दांचे पहिले आवाज विचारा, सात वस्तू मोजून मागा. गुण देऊ नका, मार्चच्या पानाच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहा.

## टप्पा ७ (सप्टेंबर): पान परत अंगणवाडीकडे

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. बारा आठवडे झाले की तीच पाने घेऊन पुन्हा अंगणवाडीत जा. कोणती माहिती उपयोगी पडली, कोणते मूल अजून बोलत नाही, कोणत्या खेळांची सवय आणखी असती तर बरे झाले असते, हे सांगा. मागणी ठेवायची ती अशी: रोज गोष्ट आणि आवाजांचे खेळ घ्या, कात्री हातात द्या, मुलांना मोजून वाटायला लावा. 'बाराखडी करून पाठवा' हे शब्द तोंडातून काढू नका.

सेविकेकडे बैठका, सर्वेक्षणे, आहाराची नोंद अशी कामे ढिगाने असतात. बालशिक्षणाचा वेळ त्यातच जातो. तिच्यावर नवे रजिस्टर लादू नका. लिहायचे काम शिक्षकांनी करावे, सांगायचे तिने.

दोघांनी मिळून पुढच्या फेब्रुवारीतली याद्या जुळवायची तारीख तिथेच ठरवावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. मार्चची पाने पहिली संपल्यावर दुसरीच्या शिक्षकांकडे जातात. ऊसतोडीहून उशिरा आलेल्या मुलांची पाने तोपर्यंत कोरी असतील तर ती आता, सेविका समोर असतानाच भरून घ्या.